पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा

भाच्याने निपाणीत एक यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल बघून ठेवली होती. १९९१ची, तंबाखूच्या वखारीत पाच-सहा पावसाळे उभी. रंग नवा, सीट नवी, नंबर महाराष्ट्राचा, एमएच ०९. रविवारी बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या ओळखीच्या मेस्त्रींना घेऊन गेलो. मालकाने पहिल्या किकला गाडी चालू करून दाखवली. मेस्त्रींनी वाकून सिलिंडरच्या पात्यांना हात लावला. कोमट. म्हणजे आम्ही पोचायच्या आधीच एकदा तापवून ठेवली होती. चहा-भडंग होईपर्यंत ती निवू दिली, मग खरी तपासणी सुरू झाली.

या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर चाल, तीही ५०. बोअरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून स्ट्रोकने गुणलं की ९८ सीसी येतात. एवढ्याशा जागेतून ११ हॉर्सपॉवर निघते ती ७५०० आरपीएमला, म्हणजे पिस्टन सेकंदाला १२५ वेळा खाली-वर होतो आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे दर फेरीला एक स्फोट. पिस्टन अॅल्युमिनियमचा, तो ज्यात पळतो ते लायनर ओतीव लोखंडाचं. तेवढ्याच उष्णतेला अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून दोघांत फट ठेवावी लागते, साधारण चार-पाच शतांश मिलिमीटरची, डोक्यावरच्या केसाहून बारीक. फट वाढली की पिस्टन खडखडतो, ताकद जाते. फार कमी राहिली, किंवा तेल कमी पडलं, की पिस्टन लायनरला धरतो. आपल्याकडे त्याला ‘गाडी सीझ झाली’ म्हणतात.

लायनर झिजला की लेथवर नेऊन बोअर मारायचा, म्हणजे तो आतून थोडा कातून मोठा करायचा, आणि जाड पिस्टन बसवायचा. हे पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटरने मोठे मिळतात. त्यापुढे लायनरच बदलायचा. (शेवटच्या साइजला गाडी जेमतेम १०२ सीसी होते. बोअर मारल्यावर गाडी पळते, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे गणित करून बघावं.) त्यामुळे जुनी गाडी घेताना विचारायचा पहिला प्रश्न किलोमीटरचा नाही. ‘कितव्या साइजवर आहे?’ हा प्रश्न विचारावा. मालकाला ठाऊक नव्हतं. मेस्त्रींनी हेडचे चार नट सोडले, पिस्टन वर आणला, पेट्रोलच्या फडक्याने काजळी पुसली. बाणाच्या शेजारी आकडा उमटला: ७५. आणखी एक बोअर शिल्लक.

मग त्यांनी पिस्टनवर अंगठा टेकवला आणि क्रँकच्या (पिस्टनची खाली-वर चाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या) टोकावरचं मॅग्नेटोचं चाक किंचित मागे-पुढे हलवलं. चाक हलतंय पण पिस्टन जागचा हलत नाही, असा क्षणभराचाही ढिलेपणा अंगठ्याला जाणवला, तर क्रँकचं बेअरिंग गेलं. इथे जाणवला नाही.

आता टू-स्ट्रोकचं खरं दुखणं. यात क्रँकची पेटी पंपाचं काम करते: पिस्टन वर जाताना ती पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढते, खाली येताना सिलिंडरमध्ये ढकलते. पेटीच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात आणि वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते वाळून कडक होतात. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितं, पांढरा धूर थांबत नाही. मॅग्नेटोकडचं गेलं तर नुसती हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन तापतं. ओळखायचं कसं? गाडी तापल्यावर रेस द्यायची आणि सोडायची. आवाज चटकन खाली आला पाहिजे. आमच्या गाडीचा आवाज वरच रेंगाळला, मग नाइलाजाने उतरला.

त्यात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून) येणारं नवं पेट्रोल तेवढ्याच हवेला कमी पडतं, साधारण सात-आठ टक्क्यांनी. गंमत अशी की बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. इथली हवा विरळ, त्यामुळे कार्ब्युरेटर मुळातच तीन-चार टक्के जास्त पेट्रोल देतो. निम्मं दुखणं डोंगरच भरून काढतो! पणजीत उतरलात की ती सवलत संपली. शिवाय इथेनॉल ओल धरतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकीत तळाला पाणी बसून गंज चढतो, जुन्या रबरी नळ्या फुगतात. मोबाइलचा टॉर्च टाकीत मारा. आम्हाला तळाशी लालसर पापुद्रे दिसले, खानापूरच्या मातीच्या रंगाचे.

कागदांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं, ते झालंय का बघा. महाराष्ट्राची गाडी कर्नाटकात नोंदवायची तर एनओसी (ना-हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स पुन्हा. व्हिंटेजच्या २०२१च्या नियमांचा आधार हिला नाही, त्याला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. घासून पुन्हा ठोकलेला आकडा बोटालाही खरखरीत लागतो.

मेस्त्रींनी नट आवळता आवळता मालकाला कन्नडमध्ये सांगितलं, “क्रँक छलो ऐती.” म्हणजे क्रँक चांगला आहे. मग आमच्याकडे वळून मराठीत, हळू आवाजात: “सील, टाकी, जेट, रबरं आणि टॅक्स. हे सगळं किमतीतून वजा करा, मग बोला.”

भाच्याने मोबाइलवर बेरीज केली, दोनदा केली. मालक आकडा सोडायला तयार नव्हता. गाडी अजून वखारीतच आहे. भाचा मात्र दर रविवारी निपाणीला काहीतरी काम काढतो.