शौचालयाच्या बारा हजारांचा अर्ज नेमका कुठे अडतो?

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) मधून वैयक्तिक शौचालयासाठी मिळणारे १२,००० रुपये हे बांधून पूर्ण झालेल्या शौचालयाचे प्रोत्साहनपर अनुदान आहे. त्यात केंद्राचा वाटा ७,२०० आणि राज्याचा ४,८०० रुपयांचा असतो. अनुदान आधी मिळेल या आशेवर अर्धवट सोडलेला खड्डा आपल्याकडच्या काळ्या मातीत पहिल्याच पावसात ढासळतो, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

दारिद्र्यरेषेखालील सर्व कुटुंबे पात्र आहेत. रेषेवरील कुटुंबांपैकी अनुसूचित जाती-जमाती, अल्प व अत्यल्प भूधारक, घर असलेले भूमिहीन मजूर, दिव्यांग आणि महिला कुटुंबप्रमुख असलेली कुटुंबे पात्र ठरतात. अर्ज मिशनच्या संकेतस्थळावर किंवा ग्रामपंचायतीमार्फत करता येतो; आधार कार्ड, बँक पासबुक, शिधापत्रिका आणि पात्रतेचा दाखला सोबत ठेवावा.

खरी अडचण 'कुटुंब' या शब्दात आहे. कोणाकडे शौचालय आहे आणि कोणाकडे नाही हे नोंदवणाऱ्या २०१२ च्या पायाभूत सर्वेक्षणात वडिलांच्या नावे नोंद झाली, त्यांनी अनुदान घेतले आणि पुढे मुलगा वेगळा राहू लागला, तरी शिधापत्रिका एकच असेल तर 'लाभ दिलेला आहे' असा शेरा मारून त्याचा अर्ज परत येतो. चूल वेगळी झाल्याचे साऱ्या गावाला ठाऊक असते, पण कागदाला नसते. त्यामुळे आधी शिधापत्रिका विभक्त करून घ्यावी आणि मगच अर्ज करावा. घर वडिलांच्याच नावावर असल्यास नमुना ८ च्या (ग्रामपंचायतीकडील घराच्या कर आकारणी नोंदीच्या) उताऱ्यासोबत त्यांचे संमतीपत्रही जोडावे. हा उतारा देणे लोकसेवा हक्क कायद्याखालील सेवा आहे, उपकार नव्हे. तेव्हा 'उद्या या' हे उत्तर तीनदा ऐकून घेण्याचे कारण नाही. पतीच्या निधनानंतर शिधापत्रिकेत बदल न केलेल्या भगिनींनी तो अवश्य करून घ्यावा, कारण महिला कुटुंबप्रमुख म्हणून असलेली त्यांची पात्रता त्याअभावी कागदावर दिसतच नाही.

घरकुलाच्या लाभार्थ्यांना शौचालयाचे १२,००० रुपये त्या योजनेशी जोडूनच मिळतात. दुसरा अर्ज टिकत नाही.

बँक खात्याचीही एक गोष्ट पाहावी. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड उतरवून देण्याआधी तो चालू आहे का, हे शाखेत विचारावे, आणि वर्षानुवर्षे व्यवहार नसलेले खाते आधी सुरू करून घ्यावे.

बांधकामात हात धुण्यासाठी व सफाईसाठी पाण्याच्या साठवणीची सोय अनुदानातच धरलेली आहे. ती नसताना शौचालय पूर्ण झाल्याच्या पुराव्याचे छायाचित्र काढून घेऊ नये. शोषखड्डे दोन असावेत, म्हणजे एक भरला की दुसरा वापरता येतो. चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा, आणि विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर जागाच बदलावी.

अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे, पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे तक्रार द्यावी आणि तिच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.