कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल तर

(नौपाड्यातल्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्यांसाठी)

आमच्याकडे येणारे बहुतेक जण खुर्चीत टेकायच्या आधी एक मोठं पाकीट टेबलावर ठेवतात. आत एमआरआयची फिल्म. पहिलं वाक्यही ठरलेलं, "मणक्यात गॅप आहे." एल-फोर, एल-फाइव्ह ही नावं तर ठाणेकरांना आता पिनकोडसारखी पाठ झाली आहेत. फिल्म आम्ही बघतोच. पण त्याआधी तुम्ही बसता-उठता कसे, रात्री झोप लागते का, घरात शेवटचं मोकळेपणी कधी हसलात, हे विचारतो. शेवटच्या प्रश्नाला काही जण चिडतात. "कंबर दाखवायला आलोय मी!" तो प्रश्न का विचारतो, ते सांगायला हे पत्रक.

उसण वेगळी, जुनं दुखणं वेगळं

बादली उचलताना चमक भरली, कंबर धरली, तर बहुतेकांची ती सहा आठवड्यांच्या आत बरीचशी निवळते. शेकून निवळते, गोळीने निवळते, गावाकडे पायाळू माणसाचा पाय लावून घेतला तरी निवळते. ती आपली आपणच जाणार असते. श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळतं. तीन महिने उलटले तरी दुखतच राहिलं, की त्याला जुनाट कंबरदुखी म्हणतात. तिचे नियम निराळे.

अशा दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत अमुक एका हाडाकडे किंवा नसेकडे बोट दाखवून "हेच कारण" असं सांगता येत नाही. मग त्या गॅपचं काय? खरं तर दोन मणक्यांमधली गादी सुकून चपटी होते तेव्हा तिथलं अंतर कमी होतं, वाढत नाही. हा शब्द कोणी रूढ केला देव जाणे, पण त्याने माणसं फार घाबरवली. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे रिपोर्टमध्ये 'झीज' आली म्हणून ती झीजच दुखतेय, असं नाही. पायात कळ उतरत असेल, पाऊल लुळं पडत असेल, तर फिल्मला नक्कीच महत्त्व आहे.

"नाही, पण दुखलं असतं"

वर्तकनगरहून एक काकू आल्या होत्या. त्यांना विचारूनच हे लिहितो आहोत. चौदा महिन्यांचं दुखणं. आम्ही त्यांना खुर्चीतून उठायला सांगितलं. त्यांनी पर्स बाजूला ठेवली, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर टेकले, श्वास रोखला, ओठ मुडपले आणि फळी उभी करावी तशा एकसंध उठल्या. दुखलं का, विचारलं. म्हणाल्या, "नाही, पण दुखलं असतं."

या एका वाक्यात अर्धी जुनाट कंबरदुखी आली. त्यांच्या यजमानांनी सांगितलं, की ओट्याखालची सगळी भांडी हळूहळू ओट्यावर आली होती. आधी कुकर, मग परात, मग तांदळाचा डबा. वाकणं बंद. वाकणं बंद झालं की मणक्याला लगटून असलेले बारीक स्नायू आळसावतात, रोडावतात. त्यांचं काम पाठीचे मोठे स्नायू अंगावर घेतात आणि दिवसभर आवळलेले राहतात. आवळलेला स्नायू संध्याकाळी ठणकणारच. मग माणूस आणखी कमी हलतो. वजन वाढतं, दम कमी होतो, स्टेशनचा पूल चढताना धाप लागते. मधुमेह असेल तर साखर ताळ्यावर राहत नाही. शिवाय वर्षानुवर्षं मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोट आणि मूत्रपिंड बिघडतं, ते वेगळंच.

नसांचीही एक गोष्ट आहे. सोसायटीच्या पार्किंगमधला गाडीचा अलार्म आठवा. काच फुटली तर वाजावा म्हणून तो बसवलेला. पण काही गाड्या इतक्या हळव्या, की बॉनेटवर मांजर चढली तरी बोंबलतात. महिनोन् महिने दुखत राहिलं की मेंदू आणि मज्जारज्जू असेच हळवे होतात. इजा नसते, अलार्म मात्र खरा वाजतो. म्हणून जुनाट दुखणं 'खोटं' नसतं आणि प्रत्येक कळ म्हणजे आत काहीतरी नवीन मोडलं, असंही नसतं.

मनाचं काय

इथे एक अडचण आहे. आपल्या गावात शंभर वर्षांहून जुनं मनोरुग्णालय आहे, आणि "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद अख्ख्या महाराष्ट्रात चालतो. त्यामुळे आम्ही 'मन' म्हटलं, की समोरच्याला वाटतं, आपल्याला वेडं ठरवताहेत. तसं अजिबात नाही.

रात्री कूस बदलताना तीनदा जाग आली, तर दुसऱ्या दिवशी दुखणं जास्त जाणवतं. जास्त दुखलं की पुन्हा झोप नाही. चिडचिड होते. हिशेबात चुका होतात, कारण अर्धं लक्ष कंबरेत. प्लास्टर नाही, सूज नाही, त्यामुळे घरच्यांनाही काही दिसत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये धडधाकट दिसणाऱ्याला कोण जागा देणार? मग माणूस लग्नाकार्याला जायचं टाळतो. नवरा-बायकोतला शरीरसंबंध थांबतो आणि त्यावर दोघंही बोलत नाहीत. (हे इथे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून आम्हीच विचारतो.) यातून उदासी आली तर नवल नाही. उलटही होतं. आधीपासून उदास किंवा धास्तावलेल्या माणसाचं दुखणं लांबतं.

एक नेहमीचा घोटाळा. डॉक्टरांनी ड्युलॉक्सेटिन लिहून दिलं, मुलाने मोबाईलवर शोधलं, "हे तर डिप्रेशनचं औषध!" आणि गोळी बंद. ते औषध उदासीनतेवरही देतात आणि जुनाट कंबरदुखीवरही, कारण मेंदूतून वेदनेला लगाम घालणारी रसायनं आणि मनःस्थिती सांभाळणारी रसायनं बरीचशी तीच आहेत. डॉक्टरांना न विचारता ते अचानक थांबवू नका.

आम्ही काय करतो, काय करत नाही

पट्टा आम्ही विकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पट्टा आणि वजन लावून ओढणं, म्हणजे ट्रॅक्शन, नेहमीचा उपचार म्हणून नको असं म्हटलंय. व्यायाम आणि मानसोपचारांना जागा दिली आहे.

काकूंना आम्ही आधी स्टुलावरची उशी उचलायला लावली. मग जमिनीवरची. मग एक किलो तूरडाळीची पिशवी. श्वास न रोखता, गप्पा मारत. साडेतीन महिन्यांनी कुकर परत ओट्याखाली गेला. कंबर अजूनही अधूनमधून दुखते, पण त्या वाकतात.

घरी एकच पथ्य फार महत्त्वाचं. बरं वाटलं त्या रविवारी माळा साफ करायचा आणि पुढचे चार दिवस आडवं पडायचं, हे बंद. चालणं मिनिटांवर ठरवा, दुखण्यावर नको. तलावपाळीला दहा मिनिटं ठरली, तर चांगल्या दिवशीही दहाच आणि वाईट दिवशीही दहाच. आठवड्याने एक-दोन मिनिटं वाढवा.

आमच्याकडे न येता थेट रुग्णालयात जा

लघवी तुंबली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायातली शक्ती जाऊ लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. कंबरदुखीबरोबर ताप, विनाकारण घटणारं वजन, आधी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग, पडल्याचा मार, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही सापडतो. आणि जगण्याचाच कंटाळा आला असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही चालतो.

येताना

पहिल्या भेटीला पाऊण तास हाताशी ठेवा. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा; "एक पांढरी, एक गुलाबी" यावरून आम्हाला काही कळत नाही. सैल कपडे घाला. घरातलं कोणी सोबत आलं तर बरंच, कारण ओट्यावर आलेल्या कुकरची गोष्ट रुग्ण स्वतः सांगत नाही. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. एकोणीस पायऱ्या आहेत. मधल्या वळणावर खुर्ची ठेवली आहे.