मायकल डब्ल्यू. स्मिथचे दोन अल्बम आणि सरसकट 'वर्शिप' म्हणणारी जनता

परत तेच. कुणीतरी 'बेस्ट वर्शिप साँग्ज', म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून गायची उपासनेची गाणी, म्हणून प्लेलिस्ट फिरवतं, त्यात अमेरिकन ख्रिस्ती गायक मायकल डब्ल्यू. स्मिथचं 'प्लेस इन धिस वर्ल्ड' असतंच, आणि पुढचा लगेच म्हणतो, वा, काय गॉस्पेल आहे! दोघंही चुकलेत.

गॉस्पेलचं आधी उरकून टाकू. ती मुख्यतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चेसची परंपरा, स्मिथ त्यातला नाही, विषय संपला. ख्रिस्ती संगीताचे डव्ह अवॉर्ड देणाऱ्या नॅशव्हिलच्या संस्थेचंच नाव गॉस्पेल म्युझिक असोसिएशन आहे त्यामुळे लोकांना तरी किती बोलायचं म्हणा.

खरा घोळ आहे तो सीसीएम, म्हणजे कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिकचा पॉप अल्बम आणि वर्शिप अल्बम यांच्यातला. यातलं वर्शिप काय असतं हे 'उपासना संगीत' हे चर्चमधलं गीतांचं पुस्तक हातात धरून मोठ्या झालेल्यांना मी काय सांगणार, दर रविवारी गाताच की. घोळ दुसऱ्या बाजूला, पॉपच्या बाबतीत होतो. आणि तो समजायला स्मिथसारखा माणूस नाही, कारण त्याने दोन्ही केलंय. 1990 चा 'गो वेस्ट यंग मॅन' हा स्टुडिओत केलेला पॉप अल्बम. त्यातलं 'प्लेस इन धिस वर्ल्ड' 1991 मध्ये बिलबोर्ड हॉट 100 वर सहाव्या नंबरपर्यंत गेलं, म्हणजे चर्चचं तोंड न पाहिलेल्यांनीही ते रेडिओवर ऐकलं. शब्द वेन कर्कपॅट्रिक आणि एमी ग्रँटचे, तीच एमी जिचं 'बेबी बेबी' त्याच वर्षी एक नंबरला होतं. दुसरा अल्बम 'वर्शिप', लाइव्ह रेकॉर्ड केलेला, नेमका 11 सप्टेंबर 2001 ला बाजारात आला. स्टुडिओ की लाइव्ह हा फरक सोडून द्या, कॉन्सर्टचे अल्बमही लाइव्हच असतात आणि स्टुडिओत केलेले वर्शिप अल्बमही ढिगाने आहेत.

आता लोक ओळखतात कशावरून? पहिली कसोटी, येशूचं नाव आहे का. ही तर अमेरिकेतही इतकी चालते की तिकडे 'जीझस पर मिनिट' अशी थट्टाच करतात, मिनिटाला किती वेळा नाव आलं ते मोजा. दुसरी कसोटी जरा शहाणी वाटते: गाणं देवाशी बोलतंय की देवाबद्दल बोलतंय? देवाशी बोललं की वर्शिप.

दोन्ही कसोट्या याच 1990 च्या अल्बमवर फुटतात. त्यात 'अॅग्नस डे' आहे. आज चर्चमध्ये सर्रास गातात ते, पण त्यात येशूचं नाव एकदाही नाही, फक्त बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातला कोकरा आहे, म्हणजे येशूचंच रूपक. आणि 'प्लेस इन धिस वर्ल्ड' मधला पोरगा चक्क देवालाच म्हणतोय की मला तुझा प्रकाश हवाय. झालं मग, हेही देवाशीच बोलणं, तरी ते वर्शिप नाही!

कारण प्रश्न कुणाशी बोलतोय हा नाहीच, गाणं कुणाच्या तोंडी बसवलंय हा आहे. 'प्लेस इन धिस वर्ल्ड' मधला 'मी' हा एक ठरावीक माणूस आहे, तरुण, अडकलेला, जग पुढे चाललंय आणि आपण जिथल्या तिथे, आयुष्याची पानं अजून कोरी. सुंदर आहे, पण पंचाहत्तरीच्या आजींनी ते उभं राहून कसं म्हणायचं, त्यांची पानं केव्हाच भरली. भावगीत आणि आरती यात जो फरक तोच इथे. भावगीत आपण गायकाकडून ऐकतो, त्याचा आवाज, त्याची जागा, त्याची हरकत यासाठी. आरतीत कोण बेसूर आहे हे कुणी बघत नाही, सगळ्यांनी म्हणणं हेच तिचं काम.

'अॅग्नस डे' चे शब्द मोजून चार-पाच ओळी. हालेलुया, प्रभू राज्य करतो, तू पवित्र आहेस, कोकरा योग्य आहे. कुणाच्या वैयक्तिक गोष्टीचा मागमूस नाही, नवीन माणूसही दुसऱ्या फेरीला गायला लागतो, आणि म्हणूनच 'किती वेळा तेच तेच' म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो, अरे ते पुन्हा पुन्हा येणं लोकांना आत येऊ देण्यासाठी आहे. अकरा वर्षांनी हेच गाणं 'वर्शिप' वर परत आलं. तिथली बरीचशी गाणी स्मिथची नाहीतच, मॅट रेडमनचं 'हार्ट ऑफ वर्शिप', मारी बार्नेटचं 'ब्रीद', म्हणजे लोक आधीपासून जे गात होते तेच त्याने घेतलं. पॉप अल्बममध्ये असं करून चालत नाही, तिथे गायकाचं स्वतःचं काहीतरी लागतं.

पैशाची वाटही वेगळी बरं का. पॉप गाणं रेडिओ आणि विक्रीवर जगतं. वर्शिप गाण्याला त्याशिवाय सीसीएलआयचा, म्हणजे चर्चना गाणी वापरायची परवानगी देणाऱ्या संस्थेचा, लायसन्स असतो, 1988 पासून, चर्चने कुठली गाणी गायली ते कळवायचं आणि त्यावरून लेखकाला रॉयल्टी.

मला विचाराल तर घरी ऐकायला 'गो वेस्ट यंग मॅन' च, आणि त्यातलं 'अॅग्नस डे' सुद्धा 1990 चंच. 'वर्शिप' मी हेडफोन लावून ऐकत नाही, मजा येत नाही. पण चर्चच्या तरुण संघातल्या गिटारवाल्यांनो, हात जोडून विनंती, 'प्लेस इन धिस वर्ल्ड' गायचंच असेल तर स्पेशल साँग म्हणून एकट्याने गा, हव्या त्या पट्टीत गा. मंडळीला उभं करून स्क्रीनवर शब्द टाकू नका.