मुंबई ते चिपी : अंतर आणि विमानाचा वेळ

मुंबई-चिपी म्हणजे मुंबईचं विमानतळ ते सिंधुदुर्ग विमानतळ हा हवाई मार्ग. सिंधुदुर्ग विमानतळ वेंगुर्ला तालुक्यात चिपी-परुळ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे, ९ ऑक्टोबर २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं, कागदावर नाव काहीही असो, जिल्ह्यात सगळे त्याला चिपीच म्हणतात.

दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण ३५० किलोमीटर, म्हणजे १९० नॉटिकल मैलांच्या आसपास (१ नॉटिकल मैल = १.८५२ किमी). रस्त्याने मात्र हेच ५०० च्या घरात जातं. हायवे किनाऱ्याने जातच नाही, खाड्या चुकवायला आत वळतो, मग सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा एकेक नद्या आणि मधले घाट घेत घेत खाली उतरतो, त्यामुळे नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणारा हमखास फसतो.

आता वेळ. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान, सत्तरेक सीटचं, वरती गेल्यावर ताशी ५०० किमीच्या आसपास जातं. या हिशोबाने पाऊण तासाच्या आत पोचायला पाहिजे, पण या विमानाला वेळापत्रकात सव्वा ते दीड तास धरतात आणि ते बरोबरच आहे. कारण तिकिटावरचा वेळ विमान स्टँडवरून हललं तिथपासून पलीकडे उभं राहीपर्यंतचा असतो, त्यात टॅक्सी (विमानाचं रनवेपर्यंत जमिनीवरून जाणं), रांग, चढणं, उतरणं सगळं आलं. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो, म्हणून तिथे रांग लागते. ३५० किमीच्या प्रवासात चढण्या-उतरण्यातच इतका वेळ जातो की पूर्ण वेगाने उडायला थोडाच वेळ उरतो, लांबच्या फ्लाइटला हे जाणवत नाही. पावसाळ्यात ढग खाली आले की रनवे दिसेपर्यंत घिरट्या घालाव्या लागतात, कधी परत फिरावं लागतं, तेव्हा जूनपासून पुढे हातात वेळ ठेवूनच निघावं.

जाताना उजवीकडची खिडकी घ्या. एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात म्हणून खाली बघायला काही आड येत नाही, ढग नसले तर समुद्र आणि खाड्यांची तोंडं दिसतात, शेवटी लाल कातळ एकदम जवळ येतो आणि त्यावरून विमानाची सावली पळत येताना दिसते. कोकणी माणसाला ती दोन मिनिटं तिकिटाच्या पैशाइतकी वाटतात, निदान मला तरी.

पण घरापासून घरापर्यंतचा वेळ वेगळा काढावा लागतो. मुंबईत विमानतळ गाठणं, तिथे दीड-दोन तास आधी पोचणं, उतरल्यावर चिपीहून कुडाळ २५ किमीच्या आसपास, गाडी आधी सांगून ठेवलेली बरी, एसटीच्या भरवशावर राहू नये. हे सगळं धरलं की पाच-सहा तास होतातच. कोकण रेल्वेने कुडाळला जायला गाडीप्रमाणे सात ते बारा तास, पावसाळ्यात वेळापत्रकच वेगळं. म्हणजे विमानाने खरोखर वाचतात ते सरासरी तीन-चार तास, म्हातारी माणसं बरोबर असतील तर ते फार मोठे आहेत.

तिकीट काढण्याआधी त्या दिवशी फ्लाइट आहे का ते बघून घ्यावं, या मार्गावर फेऱ्या कमी-जास्त होत असतात, कधी बंदही पडतात. ५ जानेवारी २०२३ पासून गोव्याचं मोपा विमानतळही चालू झालंय, तिकडे विमानं जास्त, आणि बांदा-दोडामार्गाकडच्या माणसाला चिपीपेक्षा मोपाच जवळ पडतं.