मृतदेहाचे छायाचित्र कोणाचे? हिंसक मृत्यूचे वार्तांकन आणि मागे राहिलेले कुटुंब : पार्श्वभूमी

खुनाच्या बातमीला हमखास वाचक मिळतो, हे स्वस्त दैनिकांनी १८३०च्या दशकातच ओळखले होते. १८३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला, तेव्हा अशाच एका दैनिकाचा संपादक स्वतः त्या खोलीत गेला आणि तिच्या मृतदेहाचे बारकाईने केलेले वर्णन त्याने छापले. १८८८ मधील लंडनच्या हत्यांच्या वेळी सचित्र साप्ताहिकांनी त्यात रेखाचित्रांची भर घातली. या मजकुरात नातेवाईक भेटतात ते बहुधा ओळख पटवायला आलेले साक्षीदार म्हणून. साक्ष संपली की ते बातमीतून बाहेर पडतात. १८९० मध्ये दोन अमेरिकी वकिलांनी खासगीपणाच्या हक्काची मांडणी केली खरी, पण तो हक्क जिवंत माणसाचा होता. माणूस गेला की त्याचा हक्कही संपला, अशीच कायद्याची सर्वसाधारण धारणा पुढेही कायम राहिली.

कुटुंबाकडे स्वतंत्रपणे पाहायला सुरुवात झाली ती १९७०च्या दशकानंतर. मुलीचा खून झालेल्या एका अमेरिकी दांपत्याने १९७८ मध्ये आपल्यासारख्या इतर पालकांना एकत्र आणले. २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी जो जाहीरनामा स्वीकारला, त्यातील ‘पीडित’ या संज्ञेत योग्य तेथे निकटचे कुटुंबीयही धरले गेले. पीडितांचा खासगीपणा जपावा असे त्यात म्हटले आहे, मात्र ते न्यायप्रक्रियेच्या संदर्भात. सकाळी दारात पडणाऱ्या वर्तमानपत्रापुढे या घरांनी काय करायचे, याचे उत्तर तिथे नव्हते.

ते उत्तर ज्या निकालाभोवती आजही घुटमळते, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २००४ रोजी एकमताने दिला. अध्यक्षांच्या कार्यालयातील एका वरिष्ठ विधी सल्लागाराचा १९९३ मध्ये गोळी लागून मृत्यू झाला होता आणि ही आत्महत्याच आहे, असा निष्कर्ष पाच वेगवेगळ्या चौकशांनी काढला होता. तो अमान्य असलेल्या एका वकिलाने माहितीच्या कायद्याखाली घटनास्थळाची छायाचित्रे मागितली. शेवटी वाद उरला तो चार छायाचित्रांचा. मृताच्या बहिणीने शपथेवर सांगितले होते की, आधी फुटलेले एक छायाचित्र छापलेले पाहिल्यापासून तिला दुःस्वप्ने पडतात, छातीत धडधडून झोप उडते, आणि भावाचे शेवटचे क्षण कसे गेले असतील तेच डोळ्यांपुढे येत राहते. अर्जदाराचा युक्तिवाद साधा होता : खासगीपणा ज्याचा होता तो आता हयात नाही, म्हणून आक्षेप घ्यायला कोणी उरलेले नाही.

न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. या छायाचित्रांतला खासगीपणा मृताच्या वतीने मागितला जात नसून बहीण, आई, पत्नी यांना तो स्वतःसाठी, स्वतःच्या मनःशांतीसाठी मागता येतो, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या माणसाच्या देहाची विटंबना होऊ नये ही ओढ किती जुनी आहे हे सांगताना, भावाच्या अंत्यसंस्कारासाठी राजाज्ञा मोडणाऱ्या प्राचीन ग्रीक नाटकातील बहिणीचा दाखलाही निकालपत्रात आला. याच निकालात अर्जदारावर जबाबदारीही टाकली गेली : सरकारी गैरप्रकार झाला असावा असे समंजस माणसाला वाटेल इतका पुरावा त्याने आधी दाखवला पाहिजे. पत्रकारांनी नेमक्या याच अटीवर बोट ठेवले, आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. कोठडीतील मृत्यू दडवला गेला असेल, तर पुरावा त्या छायाचित्रांतच असतो. तो बघू दिल्याशिवाय पुरावा आणा म्हणणे म्हणजे कुलूप लावून किल्ली आत ठेवण्यासारखे आहे. तरीही माझ्या मते या निकालाचे मोल त्या अटीत नाही. बातमीमुळे कुटुंबाला होणारा त्रास ही केवळ हळव्या मनाची तक्रार नसून कायद्याने दखल घ्यावी अशी इजा आहे, हे तिथे स्पष्ट शब्दांत मान्य झाले.

‘कुटुंबाचा खासगीपणा’ या शब्दांतला गुंता मात्र तिथे सुटला नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत वंशद्वेषातून मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या आईने शवपेटी उघडी ठेवायला लावली आणि ओळखू न येणाऱ्या त्याच्या चेहऱ्याचे छायाचित्र छापू दिले. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, ही तिची इच्छा होती. म्हणजे नातेवाइकांचा हक्क फक्त झाकण्याचा नाही, दाखवण्याचाही आहे. त्रासाचे मूळ दृश्यापेक्षा ते आपल्याला न विचारता दाखवले जाण्यात अधिक आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ रोजी वेगळी रेघ ओढली. लैंगिक अत्याचारानंतर मरण पावलेल्या व्यक्तीचे नाव नातेवाइकांच्या संमतीनेही उघड करता येणार नाही. तशी गरज असल्यास निर्णय सत्र न्यायाधीश घेतील. त्याआधी तीनच वर्षे, १६ डिसेंबर २०१५ रोजी, दिल्लीतील अशाच एका मुलीच्या आईने जाहीर कार्यक्रमात लेकीचे नाव घेतले होते आणि लाज गुन्हेगारांना वाटायला हवी, असे म्हटले होते. मृताच्या प्रतिष्ठेचे रक्षण आणि आईची इच्छा या दोन गोष्टी नेहमी एकाच बाजूला उभ्या असतात असे नाही.

छायाचित्रांवरून हा वाद चालू असताना बातमी मिळवण्याची रीत अधिक आक्रमक होत गेली. इंग्लंडमध्ये २००२ मध्ये एक शाळकरी मुलगी बेपत्ता झाली. पुढे तिचा खून झाल्याचे उघड झाले. तिचा शोध लागण्याआधी आईवडील एकदा कोणालाही न सांगता तिच्या नेहमीच्या वाटेने चालत गेले, आणि दूरच्या भिंगातून टिपलेले त्यांचे ते छायाचित्र वृत्तपत्रात झळकले. आपण तिथे जाणार हे बाहेर कसे कळले, हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे छळत राहिला. त्या मुलीच्या फोनवरचे ध्वनिसंदेश एका साप्ताहिकासाठी चोरून ऐकले गेल्याचे २०११ मध्ये उघड झाले, १६८ वर्षे चाललेले ते साप्ताहिक बंद पडले, आणि सार्वजनिक चौकशीपुढे आईवडिलांनी त्या चालण्याची हकिगत सांगितली. शोकग्रस्तांशी सहानुभूतीने व तारतम्याने वागावे, असे कलम ब्रिटिश वृत्तपत्रांच्या आचारसंहितेत तेव्हाही होतेच.

आज कुटुंबांना ज्या गोष्टी सुचवल्या जातात, त्या अशा अनुभवांतूनच आल्या आहेत. एकाच नातेवाइकाने वा स्नेह्याने वार्ताहरांशी बोलावे, निवेदन लेखी द्यावे, आणि कोणीतरी समाजमाध्यमांवरून भलता फोटो उचलण्याआधी आपण निवडलेला फोटो द्यावा, म्हणजे निदान पहिल्या पानावर हसणारा चेहरा आपल्या पसंतीचा असतो. बातम्या आधी दुसऱ्याने वाचाव्यात आणि कात्रणे पाकिटात बंद करून ठेवावीत. पुढे कधी वाचावेसे वाटले तर ती हाताशी असतात. आरोपपत्र, साक्षी, निकाल, अपील आणि पहिला स्मृतिदिन या तारखा आधी माहीत असल्या, तर जुने दृश्य पुन्हा पडद्यावर येण्याच्या दिवशी घर सावध राहू शकते. बॉस्टनमधील २०१३च्या स्फोटांनंतर साडेचार हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत, रोज सहा किंवा अधिक तास त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही तीव्र ताण आढळला होता. ती पाहणी शोकग्रस्तांपुरती नव्हती, तरी ‘टीव्ही बंद ठेवा’ या सल्ल्याला तिने आधार दिला.

पण टीव्ही बंद करता येतो तसे सगळेच बंद करता येत नाही. कॅलिफोर्नियात २००६ मध्ये अपघातात गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलीची छायाचित्रे पोलिसांकडूनच बाहेर गेली आणि अनोळखी माणसांनी ती ईमेलने थेट तिच्या वडिलांना पाठवली. या कुटुंबाला दाद मागता येते हे अपील न्यायालयाने मान्य करेपर्यंत २०१० उजाडले. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींत ५१ जणांचा बळी घेणाऱ्याने हल्ला थेट प्रक्षेपित केला. पहिल्या २४ तासांत एकाच समाजमाध्यमाला त्याच्या सुमारे १५ लाख प्रती काढाव्या किंवा अडवाव्या लागल्या. युरोपात २०१८ पासून लागू असलेला माहिती-संरक्षणाचा नियम मृतांना लागू होत नाही. ते त्या त्या देशावर सोपवले आहे.

२६ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकेत एका तरुण वार्ताहराची थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घालून हत्या झाली. ती दृश्ये काढली जावीत म्हणून तिच्या वडिलांनी २०२० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सरकारी नियामकाकडे तक्रार केली. त्याहीनंतर, एका चित्रफितीवर निदान स्वामित्वहक्काच्या जोरावर तरी दावा सांगता यावा म्हणून, त्यांनी ती डिजिटल मालमत्ता म्हणून स्वतःच्या नावावर नोंदवून पाहिली, कारण मूळ हक्क वाहिनीकडे होता. ती चित्रफीत त्यांनी स्वतः कधीच पाहिलेली नाही. तिच्या प्रती शोधून एकेकीची तक्रार नोंदवण्याचे काम दुसऱ्या स्वयंसेवकांनी केले, आणि त्यांना ते पुन्हा पुन्हा करावे लागले.