वेबसाईट तर झाली, पण गुगलला कोण सांगणार?

वेबसाईट लाईव्ह झाली की मालक पहिलं काम करतो ते म्हणजे गुगलवर आपलं नाव टाकून बघणं, आणि दिसलं नाही की लगेच वेबसाईट बनवणाऱ्याला फोन. तो म्हणतो एसइओ, म्हणजे सर्चमध्ये साईट वर आणायचं काम, करावं लागेल, त्याचं पॅकेज वेगळं. मग सगळे रँकिंगच्या मागे लागतात, पण खरा घोळ बऱ्याचदा त्याच्या दोन पायऱ्या आधीच झालेला असतो आणि तो फुकटात शोधता येतो.

मुळात आपण सर्च मारतो तेव्हा गुगल त्या क्षणी इंटरनेटभर हिंडत नाही, आधीच जमवून ठेवलेल्या इंडेक्समध्ये बघतं. तो भरायचं काम गुगलबॉट नावाचा प्रोग्राम करतो, म्हणजे एका पानावरची लिंक धरून दुसऱ्या पानावर जायचं, तिथली धरून तिसऱ्यावर, चोवीस तास हेच. आता समजा दापोलीजवळ कर्द्याला कुणी होमस्टे काढला, झकास वेबसाईट केली, पण जगातल्या एकाही पानावर तिची लिंक नाही, तर बॉट तिथे पोचणार कुठल्या वाटेने? म्हणून 2005 पासून साईटमॅपची सोय आहे, आपल्या सगळ्या पानांची यादी एका फाईलमध्ये करायची आणि सर्च कन्सोल या साईटमालकांसाठीच्या गुगलच्या टूलमध्ये देऊन टाकायची. पैसे लागत नाहीत. यादी दिली म्हणजे पान इंडेक्समध्ये जाईलच असं मात्र नाही, नुसता पत्ता कळतो.

त्याच्याही आधी एक चेक करा. वर्डप्रेस या वेबसाईट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जच्या रीडिंगमध्ये एक छोटा चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साईट इंडेक्स करू नये अशा अर्थाचा. साईट बनत असताना अर्धवट पानं बाहेर दिसू नयेत म्हणून डेव्हलपर त्यावर टिक करतो आणि काम संपल्यावर काढायला विसरतो, की मग तुम्ही कितीही पॅकेजं घ्या, आपणच दाराला कडी लावलेली!

इंडेक्स म्हणजे जाडजूड पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची, कुठला शब्द कुठल्या कुठल्या पानांवर आलाय त्याची. इथे आपल्या मराठीवाल्यांचा एक खास लोचा आहे. जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, 'मराठी' हा शब्द तिथे ई-जे-के-बी-एच असा साठवलेला असतो. जुनं माहितीपत्रक जसंच्या तसं कॉपी-पेस्ट केलं तर बॉटला हेच वाचायला मिळणार, आणि ई-जे-के-बी-एच असं सर्च कोण मारणारे? त्यामुळे मजकूर युनिकोडमध्येच हवा, त्यात मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात. आणि सगळी माहिती अक्षरांऐवजी एकाच रंगीत जेपीजी चित्रावर छापून टाकायची हौसही जरा आवरायची.

शब्द सापडला, पण तो लाखो पानांवर आहे, मग वर कुणाला ठेवायचं? सुरुवातीची सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचेच शब्द बघायची, म्हणून लोक पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात तोच शब्द शंभर वेळा लिहून ठेवायचे. स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये पानांचं वजन ठरवायची जी पेजरँक नावाची पद्धत मांडली तिची गंमत अशी की पान स्वतःबद्दल काय सांगतं यापेक्षा बाकीची पानं लिंक देऊन त्याच्याकडे बोट दाखवतात का हे ती बघते. कल्पना करा, एक माणूस रिकामटेकडेपणाने लिंकवर क्लिक करत सुटलाय, 85 टक्के वेळा समोरच्या पानावरची कुठलीतरी लिंक दाबतो आणि 15 टक्के वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. असा तो अखंड फिरत राहिला तर ज्या पानावर जास्त वेळा येऊन पडेल ते वजनदार. त्या उडीमुळे कर्द्याच्या बिनलिंकच्या पानालाही अगदी शून्य मिळत नाही, चिमूटभर वजन मिळतंच. आणि प्रत्येक पान आपलं वजन बाहेरच्या लिंकांत वाटून टाकतं, म्हणजे शंभर हॉटेलांची यादी असलेल्या पानाकडून शंभरावा हिस्सा, पण कोकण भटकून आलेल्या कुणी चारच ठिकाणांबद्दल लिहिलं असेल तर चौथा. मोठ्या डिरेक्टरीत नाव आलं म्हणून फार हुरळून जाऊ नये ते यासाठी. आता गुगल अजून बऱ्याच गोष्टी बघतं, पण लिंकचा हा विचार आजही त्यात आहे.

अर्थात लिंकला किंमत आली की लिंक विकायला निघणारच. अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीसाठी भलत्याच साईटवर हजारो लिंक पेरल्याचं 2011 मध्ये न्यूयॉर्क टाईम्सने छापलं आणि गुगलने त्यांना खाली ढकललं, पुढच्याच वर्षी गुगलच्या रँकिंगमध्ये पेंग्विन नावाचा अपडेट अशाच प्रकारांसाठी आला. तरी 'हजार बॅकलिंक' (दुसऱ्या साईटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) वाली पॅकेजं अजून विकली जातात. मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून लिहिलेली शब्दांची यादी, त्याचंही तेच, रँकिंगसाठी ते बघत नाही असं गुगलने 2009 मध्येच जाहीर केलंय आणि आपल्याकडे त्याचंही बिल लागतं. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही हेही गुगलनेच लिहून ठेवलंय, आणि एसइओचा परिणाम दिसायला साधारण 4 महिने ते 1 वर्ष लागतं हेही.

तोवर नुसत्या 'होमस्टे' या शब्दासाठी बड्या बुकिंग साईटशी भांडण्यात अर्थ नाही, तिथे आपला नंबर लागायचा नाही. सर्च कन्सोलमध्ये लोकांनी काय टाईप केल्यावर आपलं पान दिसलं त्याची यादी येते, सुरुवातीला क्लिक शून्य आणि दिसणं चाळिसाव्या-पन्नासाव्या नंबरवर, पण वाचण्यासारखं असतं. कुणी बीचपासून चालत किती वेळ लागतो विचारतंय, कुणी कुत्रा आणला तर चालेल का, कुणी उकडीचे मोदक मिळतील का, आणि आपल्या पानावर यातलं एकही वाक्य नसतं, नुसतं 'निसर्गाच्या कुशीत आपले स्वागत' असतं.