गुंठा की आर? सातबाऱ्यावरच्या दशमानाची पार्श्वभूमी

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये छापलेलं असतं आणि तोच उतारा हातात धरून सौदा मात्र एकर-गुंठ्यात ठरतो. इसारपावती, वाटणीपत्र, मोजणीचा नकाशा, बांधावरचं भांडण, सगळीकडे ही दोन मापं शेजारी शेजारी नांदतात. बहुतेकदा काही बिघडत नाही, कारण एक आर आणि एक गुंठा जवळजवळ सारखेच. घोळ आहे तो या ‘जवळजवळ’मध्ये.

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, म्हणजेच १,०७६.३९ चौरस फूट. एका गुंठ्यामागे फरक साडेबारा चौरस फुटांहून किंचित जास्त, आडव्या ठेवलेल्या एका लहान दरवाजाएवढा. एकराला तो ५०४ चौरस फुटांवर जातो, म्हणजे जवळपास अर्धा गुंठा. दहा एकरांच्या रानात साडेचार गुंठ्यांहून अधिक. गावठाणालगतच्या किंवा हमरस्त्याकडेच्या जमिनीत एवढ्या जागेत घर उभं राहतं.

गुंठा हे आपलं देशी माप आणि आर हे परकं, असं आपण धरून चालतो. शब्दापुरतं ते खरं. माप मात्र इंग्रजी एकरातून काढलेलं आहे. शिवकाळातली जमीन पाच हात पाच मुठींच्या काठीने मोजली जाई आणि हिशेब बिघ्यात व्हायचा. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून नवी जमाबंदी, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याची पद्धत, सुरू झाली, ती मुंबई इलाख्यात पसरली आणि तिच्यासोबत ३३ फुटांची साखळी शिवाराशिवारात फिरली. त्या साखळीचे सोळा भाग केलेले, त्यांना नाव ‘आणे’. रुपयाचे सोळा आणे तसे साखळीचे सोळा आणे, म्हणून हिशेब लोकांच्या तोंडी सहज बसला. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे बरोबर ४३,५६० चौरस फुटांचा इंग्रजी एकर. शंभर-सव्वाशे वर्षांत हे माप इतकं मुरलं की ते बाहेरून आलं होतं हेच विस्मरणात गेलं.

मीटर आणि आर या दोघांचा जन्म क्रांतीनंतरच्या फ्रान्समधला. १७९५ च्या कायद्याने आर म्हणजे शंभर चौरस मीटर हे ठरलं. भारतात दशमान आलं ते स्वातंत्र्यानंतर. १९५५ मध्ये नाण्यांचा कायदा बदलला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे चालू झाले. वजनमापांचा केंद्रीय कायदा १९५६ चा, मुंबई राज्याचा अंमलबजावणी कायदा १९५८ चा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला आणि एप्रिल १९६२ पर्यंत देशभर सक्तीचा झाला. शेर ९३३ ग्रॅमचा, मण ३७.३२ किलोचा, दोन्ही दुकानांतून गेले.

वजनांचं जमलं, जमिनीचं का नाही? शेराचं वजन ही हातात धरायची लोखंडी वस्तू होती. ती काढून घेता आली, तिच्या जागी शिक्का मारलेलं किलोचं वजन ठेवता आलं. जमिनीत बदलण्यासारखं असं काहीच नव्हतं. हद्दीचा दगड जागच्या जागी राहिला, बांध तिथेच राहिला, बदलला तो फक्त कागदावरचा आकडा. तोही शेतकऱ्यासमोर पुन्हा मोजून बदलला नाही, गुणाकार करून बदलला. जुन्या फेरफार रजिस्टरांत ‘दशमान पद्धती’ची नोंद दिसते. एका नोंदीने गावातल्या सगळ्या जमिनींचे एकर-गुंठे हेक्टर-आर झाले आणि आकारातले, म्हणजे शेतसाऱ्यातले, आणे-पै पैशांत गेले. पुढे १९६६ चा महसूल संहितेचा कायदा आला, १९७१ चे अधिकार अभिलेखाचे नियम आले आणि आज आपण ओळखतो तो सातबारा हेक्टर-आरवर स्थिरावला.

इथे जो निर्णय झाला त्यावर माझा आक्षेप आहे आणि तो स्पष्टच सांगतो. हेक्टरखाली आर हे एकक धरलं गेलं. वरकरणी ते सोयीचं होतं. शंभर आरांचा हेक्टर, हिशेब सोपा, आणि आर गुंठ्याएवढाच असल्याने लोकांना दचकायला होणार नाही. नेमक्या या सोयीनेच आर हे माप म्हणून कधी रुजलं नाही. ‘०.४० हे.’ दिसलं की वाचणारा ‘चाळीस गुंठे, एक एकर’ म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात ते ३९.५४ गुंठे. आर गुंठ्याच्या दुप्पट किंवा निमपट असता तर ही गल्लत झालीच नसती, लोकांनी पाढा नव्याने पाठ केला असता. थेट चौरस मीटर धरले असते तरी चाललं असतं. मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतही आज चालणारं एकक म्हणून हेक्टर टिकून आहे, आर त्या यादीतून गळला आहे.

पूर्णांकाची गोष्ट आणखी त्रासदायक. एका जमिनीचं क्षेत्र १ एकर २० गुंठे, म्हणजे साठ गुंठे. आरमध्ये ते ६०.७०, जवळच्या आकड्याला ६१. आता तीन भावांत सारखी वाटणी झाली, प्रत्येकी २० गुंठे. त्याचे आर २०.२३, लिहिताना २०. तिघांची बेरीज ६०. मूळ क्षेत्र ६१. कुणी कुणाची जमीन घेतलेली नाही, तरी एक आर कागदावर लटकतो आणि तो कुणाच्या नावावर, यावरून तीन घरं एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. आकारबंद (गावातल्या प्रत्येक जमिनीचं क्षेत्र आणि सारा नोंदवणारं मोजणी खात्याचं रजिस्टर) आणि सातबारा यांच्या क्षेत्रांचा मेळ बसत नाही तेव्हा दर वेळी लबाडीच शोधायला नको. आकडा असा गोल करणंही त्यामागे असू शकतं.

टिंबाचंही तेच. जुन्या सवयीने १-२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. हेक्टरात १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, सव्वाला कमीच. एका पिढीच्या डोळ्यांना टिंबापुढचा वीस ‘अर्धा’ दिसायचा, आता तो ‘पंचमांश’ आहे. आणि १.५ लिहिलं तर ते एक हेक्टर पन्नास आर, पाच आर नव्हेत, हे अजूनही समजावून सांगावं लागतं. आमच्या घरच्या एका वाटणीपत्रात असाच १.५ आहे आणि त्या एका शून्यापायी दोन चुलत घरांचं बोलणं बरीच वर्षं बंद होतं.

सोन्याच्या बाजारात वेगळं घडलं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम, आणि ते विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखंच माहीत असतं. शब्दाने जुनं माप टाकून नवं घेतलं. गुंठ्याबाबत असं एकमत झालं नाही. कुणी १,०८९ चौरस फूट धरतो, कुणी सातबाऱ्यावरचा आर. एकाच सौद्यात दोघे दोन गुंठे मनात धरून बसतात.

कायद्यांनीही गुंठा सोडलेला नाही. किलो सक्तीचा होऊन जवळपास चार दशकं उलटल्यावर, २००१ मध्ये, राज्याने जो कायदा केला त्याच्या नावातच ‘गुंठेवारी’ आहे. २०२३ मध्ये तुकडेबंदीची मर्यादा, म्हणजे शेतजमिनीचा कमीत कमी केवढा तुकडा विकता येईल ती, बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० आणि बागायतीला १० अशी ठरली, तेव्हा गावोगाव ती गुंठ्यांतच सांगितली गेली. आता ज्याच्या उताऱ्यावर ०.२० हे. आहे त्याच्याकडे १९.७७ गुंठे भरतात. मर्यादा गुंठ्यात धरली तर त्याला अडीचशे चौरस फूट कमी पडतात, आरमध्ये धरली तर बरोबर बसतात. इतका मोठा हक्क एककाच्या नावावर अवलंबून राहू नये.

आपल्या शेजारीच गोव्यात ही अडचण जाणवत नाही. पोर्तुगालने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच मेट्रिक पद्धत स्वीकारली होती. पणजीत प्लॉटचा भाव चौरस मीटरवर बोलला जातो आणि सावंतवाडीत गुंठ्यावर.

अलीकडे, २०२० मध्ये, सातबाऱ्याचा नमुना बदलला आणि शेतीचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर, तर बिगरशेतीचं आर-चौरस मीटर असं लिहायचं ठरलं. चौरस मीटरचा रकाना आल्याने आरच्या खालचा तुकडा लिहायला जागा झाली. हे फार आधी व्हायला हवं होतं. जे क्षेत्र एकदा गोल करून लिहिलं गेलं ते मात्र या रकान्याने आपोआप परत येत नाही. तिथे दोन शून्यं बसतात.

मूळ आकडा शोधायचा तर शेवटी जुन्या टिपणाकडेच, म्हणजे पहिल्या मोजणीच्या वेळी काढलेल्या नोंदीकडेच, जावं लागतं, आणि टिपण अजून साखळी-आण्यातच बोलतं. हद्द कायम करायला आलेला भूकरमापक उपग्रहाच्या संकेतांवरून जागा मोजणारं यंत्र, रोव्हर, घेऊन बांधावर उभा असतो, त्याच्या पडद्यावर मीटर. हातातल्या टिपणाच्या नकलेवर एका बाजूची लांबी ५ साखळ्या ४ आणे. पाच साखळ्यांचे १६५ फूट, चार आण्यांचे सव्वाआठ, एकूण १७३.२५ फूट. त्याचे मीटर ५२.८१. तो तेवढं अंतर धरतो, दगड कुठे यायला हवा ते दाखवतो, आणि दोन्ही बाजूंचे शेतकरी तिथे खुणेची काठी रोवून घेतात.